नादाचे वेष्टन: उठाव, उतार, टिकाव आणि सोड

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१. विषयाची मांडणी

नादाचे वर्णन करताना तारता, तीव्रता आणि प्रत हे तीन गुण सांगण्याची रीत शालेय पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. तारता म्हणजे स्वर वरचा की खालचा, तीव्रता म्हणजे तो मोठा की बारीक, आणि प्रत म्हणजे तेवढ्याच उंचीचा व तेवढाच मोठा स्वर बासरीचा आहे की सतारीचा हे कानाला कळवणारा गुण. या वर्णनात नादाच्या आयुष्याचा विचार बहुधा राहून जातो. प्रत्येक नाद एका क्षणी उठतो, काही काळ नांदतो आणि विरतो. तो किती झपाट्याने उठला, शिखरावरून किती खाली आला, तिथे किती वेळ राहिला आणि सोडल्यावर किती रेंगाळला यावर त्याची ओळख इतकी अवलंबून असते की हा क्रम बिघडवला तर रोजच्या ऐकण्यातले वाद्यही परके वाटू लागते. काळाच्या ओघात नादाची तीव्रता ज्या रेषेने चढते आणि उतरते, त्या रेषेला ध्वनिशास्त्रात एन्व्हलप म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा व्यवहारातला अर्थ पाकीट असा असला, तरी इथे तो वेष्टन या अर्थाने योजलेला आहे, कारण हवेतील वेगवान कंपनांची टोके जोडत गेल्यास त्यांना बाहेरून लपेटणारी जी आकृती मिळते ती हीच होय. सिंथेसायझर या वीजवाद्यात ही आकृती हेतुपूर्वक घडवणाऱ्या भागाला एन्व्हलप जनरेटर असे नाव आहे, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तो आहे.

हा विषय जालना जिल्ह्यात मांडण्याला कारण आहे. लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो, गणेशोत्सवाचा मंडप असो, भजनाचा फड असो की शाळेचे स्नेहसंमेलन, कीबोर्ड आणि ऑक्टापॅड ही दोन वाद्ये आता तालुक्यातालुक्यांत पोचली आहेत, आणि ती वाजवणारी मुले बोटांनी तयार आहेत. मात्र या वाद्यांतून निघणारा आवाज, म्हणजे वादक ज्याला टोन म्हणतात तो, बहुतेक वेळा कारखान्यात भरलेला किंवा पेन ड्राइव्हवरून उतरवून घेतलेला असतो. तो स्वतः घडवता येतो याची जाणीव फार थोड्यांना असते. ज्या भूमीत नादाच्या उठण्या-विरण्याला अक्षरांची नावे देण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली, त्या भूमीतील वादकाला हे घडवणे परके वाटण्याचे काही कारण नाही. तबल्याचा किंवा पखवाजाचा बोल हे नादाच्या वेष्टनाचेच नाव आहे, आणि सिंथेसायझरच्या बटणांनी तेच नाव वेगळ्या लिपीत लिहिले जाते, हा या व्याख्यानाचा मुख्य प्रतिपाद्य मुद्दा आहे.

२. अक्षर, बोल आणि देवगिरीची परंपरा

जालन्यापासून पश्चिमेला सुमारे पाऊणशे किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तिथे यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे; त्याचे आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले आणि तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी झाला. सात अध्यायांच्या या ग्रंथातील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाला थेट येऊन भिडतात. पहिली गोष्ट गमकांची आहे. स्वर एका जागी गोठून न राहता कसा हलतो, डोलतो, झेपावतो किंवा लवतो याचे पंधरा प्रकार शार्ङ्गदेवाने नावांनिशी सांगितले आहेत. म्हणजे काळाच्या ओघात स्वराच्या उंचीला येणाऱ्या आकृतींची ती यादीच आहे. दुसरी गोष्ट वाद्याध्यायातील पाटांची, म्हणजे चर्मवाद्यांवरील आघातांना दिलेल्या अक्षरांची आहे, आणि आजचे बोल याच परंपरेचे पुढचे रूप आहे.

बोल म्हणजे काय, हे तबल्यावर जवळून पाहता येते. उजव्या हाताच्या तर्जनीने किनारीवर आघात करून बोट लगेच उचलले की ‘ना’ निघतो आणि पुडी घुमत राहते. बोटे शाईवर मारून तिथेच दाबून ठेवली की ‘ते’ किंवा ‘टे’ निघतो आणि नाद जागच्या जागी संपतो. पहिल्या बोलाला खुला आणि दुसऱ्याला बंद म्हणतात. डग्ग्यावर ‘घे’ खुला आणि ‘के’ बंद असतो, आणि ‘घे’ वाजवल्यावर मनगट पुडीवर पुढे सरकवले तर नादाची उंचीही वाकते. खुल्या आणि बंद बोलांत आघाताचा जोर सारखा असू शकतो, कातडेही तेच असते. वेगळे असते ते आघातानंतरचे आयुष्य. पढंत करणारा तबलजी जेव्हा बोल तोंडाने म्हणतो, तेव्हा तो खरे तर प्रत्येक आघाताचे वेष्टन उच्चारून दाखवत असतो, आणि ऐकणाऱ्या शिष्याला वाद्य समोर नसतानाही ते वेष्टन कळते.

हे शक्य होते त्याचे कारण देवनागरी वर्णमालेच्याच रचनेत सापडते. वर्णमालेत व्यंजनांचे स्पर्श, अंतस्थ आणि ऊष्म असे गट केलेले आहेत, आणि या गटांतील एक महत्त्वाचा भेद आवाज कसा उठतो यासंबंधीचा आहे: क, त, प यांसारखे स्पर्शवर्ण हवा अडवून एकदम सोडल्याने उठतात, य, र, ल, व हे अंतस्थ हळूच स्वरात मिसळतात, आणि श, ष, स हे ऊष्मवर्ण घर्षणाच्या झोताने पसरतात. अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९५६ मध्ये यंत्राने घडवलेल्या आवाजांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्वराकडे जाणारी सुरुवातीची सरक सुमारे ४० मिलिसेकंदांपेक्षा छोटी असली तर ऐकणाऱ्यांना ‘ब’ ऐकू येई, आणि तीच सरक लांबवली की ‘व’ ऐकू येई. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. म्हणजे सेकंदाच्या काही शतांशांच्या फरकाने एका वर्णाचा दुसरा वर्ण होतो. ‘बाट’ आणि ‘वाट’ यांतला भेद ज्या कानाला लहानपणापासून कळतो, त्या कानाची वेष्टनाची परीक्षा आधीच झालेली असते.

३. यंत्रातील चार बटणे

विजेच्या साहाय्याने नाद निर्माण करणाऱ्या यंत्राला एक अडचण सुरुवातीपासून होती. विजेच्या आंदोलकातून, म्हणजे ऑसिलेटरमधून, निघणारा स्वर जन्माला येत नाही आणि मरतही नाही. तो सुरू असतो किंवा बंद असतो. कापसाच्या जिनिंगमधील यंत्राच्या सततच्या घरघरीला जसे संगीत म्हणता येत नाही, तसे या स्वरालाही म्हणता येत नाही, कारण त्याला आकार नसतो. अमेरिकेतील हॅमंड कंपनीने १९३९ च्या सुमारास बाजारात आणलेल्या नोवाकॉर्ड या १६३ निर्वात नळ्यांच्या वाद्यात स्वराचा उठाव आणि विराम निवडण्याची सोय होती, परंतु ते वाद्य अवजड होते आणि फार काळ बनले नाही.

पुढचा निर्णायक टप्पा १९६४ चा आहे. अभियंता रॉबर्ट मूग आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच हे दोघे त्या वर्षी एका नव्या विद्युत्-वाद्याचा नमुना घडवत होते. स्वराला उठण्या-विरण्याचा आकार हवा, ही मागणी डॉइच यांनी केली, आणि पहिल्या जुळणीत तो आकार सुरू करण्यासाठी दारावरच्या घंटीचे साधे बटण वापरले गेले. १९६५ मध्ये कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्राचे व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी मूग यांच्याकडे काही यंत्रभागांची मागणी नोंदवताना वेष्टनाचे चार घटक नेमके लिहून दिले: पहिला काळ, दुसरा काळ, टिकावाची पातळी आणि तिसरा काळ. पुढे एआरपी या कंपनीने सत्तरच्या दशकाच्या आरंभी या घटकांना अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज ही सोपी नावे रूढ केली, आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून एडीएसआर ही संज्ञा जगभर पसरली.

मराठीत या चार घटकांना उठाव, उतार, टिकाव आणि सोड असे म्हणता येईल. पट्टी दाबल्यापासून नाद शून्यातून शिखरावर पोचेपर्यंतचा काळ म्हणजे उठाव; शिखरावरून ठरलेल्या पातळीपर्यंत खाली येण्याचा काळ म्हणजे उतार; पट्टी दाबून धरली असेतोवर नाद ज्या पातळीवर राहतो ती पातळी म्हणजे टिकाव; आणि बोट उचलल्यापासून नाद शून्यावर जाईपर्यंतचा काळ म्हणजे सोड. या चारांपैकी तीन काळ आहेत आणि एक पातळी आहे, हे आरंभीच ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण शिकणाऱ्यांचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. टिकावाचे बटण वाढवले म्हणजे नाद जास्त वेळ टिकेल असे त्यांना वाटते, परंतु त्या बटणाने नाद किती मोठा राहील एवढेच ठरते. किती वेळ राहील हे वादकाचे बोट ठरवते. पट्टी दाबलेली आहे की सुटलेली, एवढाच निरोप यंत्राला देणाऱ्या खुणेला गेट म्हणतात, आणि वेष्टनाचा सगळा प्रवास या खुणेच्या आधारावर चालतो.

वेष्टन स्वतः ऐकू येत नाही. तो केवळ एक चढता-उतरता विद्युत्-दाब असतो, आणि तो दाब दुसऱ्या एखाद्या भागाला जोडला की त्या भागाचे काम त्याच्या तालावर होते. प्रवर्धकाला, म्हणजे अँप्लिफायरला, जोडला की नाद मोठा-लहान होतो. फिल्टरला, म्हणजे नादातील वरचे उपस्वर अडवणाऱ्या गाळणीला, जोडला की नाद उजळतो आणि मावळतो. आंदोलकाला जोडला की स्वराची उंची वाकते. डग्ग्यावरचा ‘घे’ या तिन्ही जोडण्या एकाच मनगटाने साधतो.

४. आकृती घडते कशी

जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरमध्ये वेष्टन घडवणारी रचना मुळात साधी असते. तिच्यात विद्युत्-भार साठवणारे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, एका रोधातून भरले जाते आणि दुसऱ्या रोधातून रिकामे केले जाते. दोन रांजण तळाशी बारीक नळीने जोडले आणि एकात पाणी भरले, तर दुसऱ्यात पाणी सुरुवातीला वेगाने चढते आणि दोन्ही पातळ्या जवळ येऊ लागल्या की वेग मंदावत जातो; धारित्राचे भरणे असेच असते. १ मायक्रोफॅरडचे धारित्र १ लाख ओहमच्या रोधातून भरले, तर सेकंदाच्या दहाव्या भागात ते सुमारे ६३ टक्के भरते आणि अर्ध्या सेकंदात ९९ टक्क्यांच्या पुढे जाते. वादकाने फिरवलेले बटण म्हणजे हा रोध; बटण फिरवले की नळी अरुंद किंवा रुंद होते, एवढाच त्याचा अर्थ.

या रचनेचा एक लाभ असा की निसर्गातील बहुतेक नाद याच रेषेने विरतात. देवळातील घंटा ठरावीक काळात आपल्या उरलेल्या नादाचा ठरावीक हिस्सा गमावते, म्हणून तिचा आवाज आधी झपकन आणि मग रेंगाळत जातो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणाऱ्या पोलादी सळईवर हे तत्त्व कोणालाही पडताळून पाहता येईल. हातभर लांबीची सळई तिच्या टोकापासून सुमारे २२ टक्के अंतरावर दोरीने टांगली आणि मधोमध ठोकली, तर ती दीर्घकाळ खणखणते, कारण त्या जागी तिच्या मुख्य कंपनात हालचाल जवळजवळ नसते आणि दोरी तिचा नाद शोषत नाही. तीच सळई मुठीत घट्ट धरून तेवढ्याच जोराने ठोकली, तर नुसता ठक असा आवाज येतो. धातू तोच, आघात तोच, लांबीही तीच. बदलला तो केवळ उतार. खुला बोल आणि बंद बोल यांतील फरक पोलादाच्या तुकड्यावरही ऐकू येतो, याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

वेष्टनाच्या पहिल्या काही मिलिसेकंदांचे महत्त्व फ्रान्समधील पिएर शेफर यांनी १९४८ च्या सुमारास ध्वनिमुद्रणावर प्रयोग करून दाखवले. घंटेचा नाद मुद्रित करून त्यातील आघाताचा भाग त्यांनी काढून टाकला, तेव्हा उरलेला नाद घंटेचा वाटेना. नादाची ओळख त्याच्या उठावात दडलेली असते, हा धडा पुढे उद्योगानेही घेतला. १९८७ मध्ये आलेल्या रोलंड डी-५० या वाद्यात खऱ्या वाद्यांच्या आघाताचे छोटे मुद्रित तुकडे आणि त्यांच्यामागे यंत्राने घडवलेला टिकाऊ स्वर अशी जोड दिलेली होती, कारण उठाव खरा असला की उरलेला भाग कान आपोआप मान्य करतो.

उपस्वरांचे वेष्टन हा याहून सूक्ष्म भाग आहे, आणि त्याचे सर्वोत्तम उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलसर घासून आणि तारेखाली बारीक धागा सरकवून जी जवारी काढतात, तिचे काम वेष्टन घडवण्याचेच आहे: तार छेडल्यावर वरचे उपस्वर लगेच मावळून न जाता नंतर उजळत जातात, आणि तंबोरा छेडल्यापेक्षा फुलल्यासारखा वाटतो. सिंथेसायझरवर हा परिणाम जवळ आणायचा असेल, तर प्रवर्धकाच्या वेष्टनाला तीव्र उठाव आणि चार-पाच सेकंदांचा उतार द्यावा, आणि फिल्टरच्या वेगळ्या वेष्टनाला मात्र सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा सावकाश उठाव द्यावा. नादाची तीव्रता घटत असताना त्याचा उजेड वाढतो, आणि कानाला जवारीची आठवण होते. दोन वेष्टने एकाच वेळी उलट दिशांनी चालवता येणे हे या यंत्राचे खरे सामर्थ्य आहे. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये तर प्रत्येक नाद सहा आंदोलकांतून घडे आणि त्या प्रत्येकाला चार गती व चार पातळ्यांचे स्वतंत्र वेष्टन असे.

५. भारतातील वाटचाल

भारतात हे यंत्र लवकर आले, ही गोष्ट पुरेशी सांगितली गेलेली नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. त्यामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती, आणि पुढील काही वर्षे अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर आणि एस. सी. शर्मा यांनी तिथे प्रयोग केले. मुंबईत हे वाद्य चित्रपटसंगीताच्या मार्गाने रुजले. तालवादक कावस लॉर्ड यांचे पुत्र केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात वापरला. त्या काळी यंत्रात तयार टोन साठवण्याची सोय नसे. प्रत्येक आवाज वादकाने बटणे फिरवून बसवायचा आणि पुढच्या गाण्यासाठी मोडायचा, म्हणून वादक हाच आवाजाचा कारागीरही असे.

मुंबईचेच चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा संग्रह या संदर्भात विशेष अभ्यासण्याजोगा आहे. त्यांनी त्यासाठी रोलंड कंपनीची तीन यंत्रे वापरली: रागाच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-८, खर्जाच्या चालीसाठी टीबी-३०३ आणि ठेक्यासाठी टीआर-८०८. या तिन्ही यंत्रांची वेष्टने वेगळी आहेत. ज्युपिटर-८ मध्ये प्रत्येक स्वराला चार घटकांची दोन पूर्ण वेष्टने मिळतात. टीआर-८०८ च्या मोठ्या ढोलाला उताराचे एकच बटण आहे, ते वाढवले की ढोल खुला होतो आणि कमी केले की बंद. आणि टीबी-३०३ च्या फिल्टरलाही वादकाच्या हाती मुख्यत्वे उतारच ठेवलेला आहे. या शेवटच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याची जी सोय आहे, ती वापरली की दुसरा स्वर नव्याने उठत नाही. पहिल्याच वेष्टनात उंची वाकत जाते.

हा तपशील भारतीय संगीतासाठी कळीचा आहे. मींड म्हणजे स्वरावरून स्वरावर तुटक न जाता ओघाने जाणे, आणि मींडेत आघात एकच असतो. कीबोर्डवर ‘सा’ वरून ‘ग’ ला जाताना प्रत्येक पट्टीने नवा उठाव दिला, तर स्वर बरोबर असूनही मींड मरते; पहिले बोट उचलण्याआधी दुसरी पट्टी दाबली आणि यंत्राला नव्याने उठाव न देण्याची सूचना दिली, तरच ती जगते. १९७० च्या मिनीमूगमध्ये हीच रीत मुळातून होती. आजच्या वाद्यांत तिला बहुधा मोनो किंवा लेगॅटो या नावाने वेगळे बटण असते, आणि अनेक कीबोर्डवादक ते कधी दाबतच नाहीत. चरणजित सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, २०१० मध्ये, त्यांचा हा संग्रह परदेशातून पुन्हा प्रकाशित होऊन जगभर ऐकला गेला.

६. संबळ, हलगी, टाळ: चार अंकांत

वर मांडलेल्या तत्त्वांचा उपयोग जिल्ह्यातील रोजच्या वाद्यांवर करून पाहणे आवश्यक आहे, कारण अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या गडाखाली नवरात्रात भरणारी यात्रा असो की जांब समर्थच्या परिसरातील भजने असोत, इथल्या कानाने नादाची परीक्षा कीबोर्ड येण्याच्या कितीतरी आधी या वाद्यांवर केलेली आहे. खाली दिलेले अंक हे आरंभबिंदू आहेत. खरे वाद्य शेजारी ठेवून ते कानाने दुरुस्त करणे हेच शिक्षण आहे.

हलगीचा आवाज कोरडा आणि टोकदार असतो. त्यासाठी उठाव जवळजवळ शून्य, उतार ८० ते १२० मिलिसेकंद आणि टिकाव शून्य ठेवावा. इथे एक चूक हमखास होते. टिकाव शून्य असला तरी बोट लवकर उचलले की यंत्र सोडीच्या काळात शिरते, आणि सोड शून्य असेल तर नाद मधेच कापला जातो. म्हणून अशा आघाती वाद्याची सोड उताराएवढी ठेवावी, म्हणजे बोट केव्हाही उचलले तरी नाद आपल्या मार्गाने विरतो. संबळाच्या जोडीतील खालच्या सुराच्या वाद्याला उतार अधिक, म्हणजे ३०० ते ४०० मिलिसेकंद द्यावा, आणि स्वराच्या उंचीलाही एक छोटे वेष्टन जोडावे, कारण जोरात ठोकलेले कातडे क्षणभर अधिक ताणले जाते, त्याचा सूर किंचित चढतो आणि नाद विरताना पुन्हा खाली येतो. गोंधळाच्या रात्री संबळाचा जो बोलका भाव अंगावर येतो, त्यात या उतरत्या सुराचा वाटा मोठा आहे.

टाळाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती वेष्टनाची उत्तम परीक्षा आहे. टाळ मोकळे ठेवले की ते दीर्घकाळ झणझणतात आणि एकमेकांवर दाबून धरले की लगेच थांबतात. यासाठी उठाव शून्य, उतार तीन सेकंद, टिकाव शून्य आणि सोड मात्र केवळ ५० मिलिसेकंद ठेवावी; म्हणजे पट्टी दाबून धरली की टाळ खुला राहील आणि बोट उचलताच बंद होईल. हलगीसाठी जी आखूड सोड चूक ठरते, तीच टाळासाठी अचूक ठरते, कारण इथे वादकाचे बोट टाळकऱ्याच्या तळव्याचे काम करते. बासरी किंवा सनईसाठी उठाव ६० ते १०० मिलिसेकंद, टिकाव ८० टक्क्यांच्या वर आणि सोड आखूड ठेवावी, आणि फुंकरीचा खरखरीत आवाज वेगळ्या, अगदी छोट्या वेष्टनाने सुरुवातीलाच देऊन थांबवावा.

चर्मवाद्यांच्या बाबतीत चंद्रशेखर वेंकट रामन यांचे संशोधन इथे मार्गदर्शक ठरते. मृदंग आणि तबला यांच्या पुडीवर शाईचा भार दिल्यामुळे तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींच्या जवळ येतात आणि म्हणून भारतीय चर्मवाद्य सुरात बोलते, हे त्यांनी १९२० मध्ये प्रथम आणि १९३४ मध्ये विस्ताराने दाखवले. म्हणजे तबल्याचा ‘ना’ घडवताना सुरेल आंदोलक वापरावा लागतो, आणि हलगीसाठी मात्र गोंगाटाचा, सूर नसलेला आवाज मिसळावा लागतो. वेष्टन दोन्हींना लागते, परंतु वेष्टनाच्या आत काय भरायचे हे वाद्याच्या घडणीवरून ठरते.

७. मर्यादा आणि आवाहन

या साधनाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. चार घटकांची आकृती ही एक सोय आहे. खरे वाद्य इतक्या सरळ रेषांनी जगत नाही. संबळवादकाचे लागोपाठचे दोन आघात कधीही एकसारखे नसतात, आणि मुद्रित टोनमध्ये मात्र तोच एक आघात हजार वेळा वाजतो, म्हणून तो काही वेळाने कानाला मेलेला वाटू लागतो. यावर उपाय हाच की बोटाचा वेग वेष्टनाला जोडावा, म्हणजे हलक्या आघाताला उतार छोटा आणि जोरदार आघाताला लांब मिळेल, आणि नादात हाताचा धर्म उतरेल. अलीकडे रोलंड आणि यामाहा या कंपन्या भारतीय वाद्यांचे टोन भरलेले कीबोर्ड खास भारतीय वादकांसाठी काढतात, आणि त्यांचा उपयोग निःसंशय आहे. तथापि त्या टोनमधील संबळ कुठल्या गावचा, हलगी कोणाच्या हातची, याचा पत्ता लागत नाही. प्रत्येक परिसराचा आघात वेगळा असतो, आणि एकाच टोनने सर्व मंडप भरू लागले तर तो वेगळेपणा ऐकू येईनासा होण्याचा धोका खरा आहे.

म्हणून जिल्ह्यातील संगीतशिक्षकांना, भजनी मंडळांना आणि कीबोर्ड शिकवणाऱ्या वर्गांना एक आग्रहाची विनंती आहे. गावातील जाणत्या संबळवादकाचे, हलगीवाल्याचे आणि पखवाजियाचे खुले व बंद बोल भ्रमणध्वनीवर स्वच्छ मुद्रित करून घ्यावेत. प्रत्येक बोलापुढे वाद्य, गाव आणि दिनांक लिहावा. आणि त्याखाली उठाव, उतार, टिकाव व सोड हे चार अंक कानाने शोधून नोंदवावेत. शंभर पानी वहीत असे शेकडो बोल मावतात. आठही तालुक्यांत एकेक वही भरली, तर जालना जिल्ह्याच्या नादांचा पहिला कोश तयार होईल, आणि तो वाचण्यासाठी सिंथेसायझरची चार बटणे पुरेशी असतील. हे काम या वर्षीच्या नवरात्रापासून सुरू व्हावे.